घट खाती

दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागतोय न लागतोय तोच माळ्यावर सुरू झालं. कुर्र, कुर्र, मग शांतता, मग कसलीशी धावपळ, मग पुन्हा कुर्र. वर जुन्या बॅगा आहेत, आकाशकंदील आहे, मखराचं थर्माकोल आहे आणि 'कधीतरी लागेल' या सदरात मोडणारं बाकी सगळं आहे. त्यातलं नेमकं काय कुरतडलं जातंय हे पडल्या पडल्या आवाजावरून ओळखायचा मला नाद आहे. पुठ्ठ्याचा आवाज कोरडा. थर्माकोलचा आवाज दातांत शिरतो. आज पुठ्ठा होता. नवरा डोळे न उघडताच म्हणाला, "उद्या औषध आणतो." मी म्हटलं, "औषध नको, पिंजरा आण." यावर आमच्याकडे वाद होतो. तो वाद मी माहेराहून आणलेला आहे.

भारताने जगाला काय काय दिलं याच्या याद्या फोनवर रोज सकाळी येतात. शून्य, बुद्धिबळ, मिरी, योगासनं. त्या यादीत काळ्या उंदराचं नाव मला अजून दिसलेलं नाही. खरं तर त्याचा नंबर बराच वर लागायला हवा. घरात, गोदामात, जहाजावर वस्ती करणारा हा उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला. धान्य जिकडे गेलं तिकडे तोही गेला. रोमन साम्राज्याच्या पाठोपाठ तो थेट उत्तर युरोपात पोचला. साम्राज्य ढासळलं, धान्याची ने-आण आटली, तसा तिकडून बहुतेक नाहीसाही झाला. पुढे काही शतकांनी बाजारपेठा पुन्हा भरू लागल्या तेव्हा नव्याने हजर. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून हे दोन वेगवेगळे प्रवास २०२२ साली शोधून काढले आहेत. धंदा बसला की गाशा गुंडाळायचा आणि तेजी आली की पुन्हा दुकान थाटायचं, हे त्याला उपजत कळतं.

माझ्या आजोबांना, म्हणजे अण्णांना, हे मुळीच नवीन वाटलं नसतं. कराडच्या पेठेत त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी पोत्यांचा मेळ घातला जायचा. ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे, काहीतरी दरवर्षी कमी भरायचंच. लाल कापडी बांधणीच्या वहीत ती तूट 'घट खाती' पडायची. मी विचारायचे, "अण्णा, कसली घट?" ते म्हणायचे, "थोडी सुकण्याची, थोडी सांडण्याची, आणि थोडी त्याची." 'त्याची' म्हणताना पोत्यांच्या थप्पीकडे बघायचे. नाव घ्यायचे नाहीत. गणपतीचं वाहन, त्याला दुकानात बसून शिव्या कशा द्यायच्या? शिवाय एवढ्या मोठ्या देवाला पाठीवरून वाहून नेणाऱ्याला पाव-अर्धा पायली ज्वारी जास्त झाली का, असा त्यांचा सवाल असायचा.

पण पिंजरा लावायचे. लाकडी तळाचा, वर तारेची जाळी, आत आकडा. आकड्याला शिळं कांदाभजं. भजं संपलं असेल तर खोबऱ्याचा तुकडा निखाऱ्यावर जरा करपवून, म्हणजे वास सुटतो. रात्री कधीतरी 'खट्' व्हायचं आणि घरातलं प्रत्येक माणूस अंथरुणात मनाशी म्हणायचं, पडला. सकाळी तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, मिशा लटलट हलताहेत, आणि भजं मात्र संपलेलं. त्याने आधी खाल्लं आणि मग दार पडलं, की दार पडल्यावर 'आता काय उरलंय' म्हणून शांतपणे खाल्लं, हा प्रश्न मला तेव्हाही सुटला नाही आणि अजूनही सुटलेला नाही. मग आम्ही पोरं पिंजरा काठीला अडकवून प्रीतिसंगमाच्या वाळवंटात न्यायचो. दार वर केलं तरी तो लगेच बाहेर यायचा नाही. एवढं मोकळं आभाळ बघून बिचकायचा. मग एकदम एक काळी रेघ वाळूवरून जायची आणि संपायचं. घरी आल्यावर अण्णा विचारायचे, "लांब सोडलात ना?" आजी आतून म्हणायची, "कितीही लांब सोडा. तुमचा पाहुणा संध्याकाळच्या जेवणाला हजर."

अण्णांचं हे धोरण आपल्या किनाऱ्यावर फार जुनं असावं. चौल, ठाणं, संजाण ही एकेकाळी नावाजलेली बंदरं. बगदादचा प्रवासी अल-मसूदी ९१६च्या सुमारास चौलला आला होता. तिथे त्याला दहाएक हजार मुसलमान राहताना दिसले. इराणच्या किनाऱ्यावरच्या सीराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, काही इथेच जन्मलेले. राष्ट्रकूट राजाने त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच प्रमुख नेमलेला. आणि डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेले ९२६चे ताम्रपट वाचले की मी थक्क होते. संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी एका अरबाकडे दिला होता. मोहम्मद हे नाव ताम्रपटात 'मधुमती' असं आलंय. या मधुमतीने काय केलं? नद्यांवर फुकट होड्या सुरू केल्या. एक अन्नछत्र काढलं, तिथे वाटसरूंना साळीचा भात, कालवण आणि तूप. आणि देवीच्या मठाला राजाच्या संमतीने जमीन दिली. राजा कानडी मुलखातला, अधिकारी अरब, देवी इथली, आणि नदी ओलांडून येणारे वाटसरू कुठकुठले. धर्म असेही पसरतात, भाताच्या पंगतीला शेजारी शेजारी बसून. मला त्या छत्राचं कोठार डोळ्यांसमोर येतं. भाताच्या कणग्या, तुपाचे बुधले. तिथला कोठीवाला 'घट' कुठल्या खात्यावर टाकत असेल?

उंदराला सगळ्यात मोठा मान मात्र मिळाला तो तिकडे मध्य आशियात, खोतानला, रेशमाच्या वाटेवर. ह्युएन त्संग आपल्याला शाळेपासून माहीत. महाराष्ट्रातून तो ६४१च्या सुमारास गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत अन् अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवून आपल्याला कायमचं खूश करून गेला. परतीच्या वाटेवर ६४४मध्ये तो खोतानला पोचला. तिथे राजधानीच्या पश्चिमेला, वाळवंटातल्या रस्त्यालगत, उंदरांच्या टेकड्या होत्या. गोष्ट अशी की एकदा उत्तरेकडून घोडेस्वारांची प्रचंड फौज चालून आली. खोतानच्या राजाकडे मूठभर सैन्य. त्याने उंदरांना साकडं घातलं. रात्रीत उंदरांनी शत्रूच्या घोड्यांचे जीन, चिलखतांचे बंद, धनुष्यांच्या दोऱ्या सगळं कुरतडून ठेवलं. सकाळी लढाईला उभं राहणार कशाने? तेव्हापासून त्या वाटेने जाणारा येणारा, राजा असो की व्यापारी, वाहनातून खाली उतरायचा, नमस्कार करायचा आणि काहीतरी अर्पण करून मगच पुढे जायचा. कपडे, धनुष्यबाण, फुलं, खाऊ.

ही थाप म्हणून सोडून देता आली असती. पण १९००च्या हिवाळ्यात ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाने त्याच वाळवंटात, दंदान ओइलिकच्या वाळूत गाडलेल्या देवळांमध्ये एक लाकडी फळी शोधून काढली. तिच्यावर चित्र आहे. मधोमध बसलेली आकृती, तोंड उंदराचं, डोक्यावर मुकुट, मागे प्रभावळ. फळी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या परिसरातली माणसं बौद्ध. भगवान बुद्धाचा मार्ग ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्यावर मूषकराजाचंही ठाणं. काफिल्याचा मालक खाली उतरून हात जोडतोय आणि त्याच्याच उंटावरच्या पोत्यात देवाचा एखादा भाऊबंद आधीच जाऊन बसलाय, असं चित्र काढायला मला आवडलं असतं. पण मला चित्र काढता येत नाही.

आजीला यातलं काहीच आवडलं नसतं. उंदीर सोडून द्यायला ती ठाम विरोधात. तिच्या आईने पलेग पाहिलेला होता. आजी प्लेग म्हणायची नाही, पलेगच. 'उंदीर पडला' हे शब्द ती आवाज खाली आणून उच्चारायची, आणि ते पिंजऱ्यात पडण्याबद्दल नसायचे. आढ्यावरून, दिवसाढवळ्या, झिंगल्यासारखा उंदीर खाली पडायचा आणि तडफडून मरायचा. तो पडला की त्याच दिवशी घराला कुलूप. चूलभांडी घेऊन माणसं रानात खोपी बांधून राहायची. गाव ओस. आजीचे मामा त्यात गेले. म्हणून पिंजऱ्याला हात लावला की आम्हाला राखेने हात धुवायला लावायची, आणि अण्णा "आता कुठला आलाय प्लेग" म्हणाले की त्यांच्याकडे नुसतं बघायची.

तो प्लेग १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला पहिल्यांदा ओळखला गेला. डॉक्टर व्हिएगस यांनी ओळखला. मांडवी म्हणजे गोदी आणि धान्याची गोदामं, दुसरं काय! हाँगकाँगहून रोग आला तो बोटींनी. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये पिसू आहे, हे दोन वर्षांनी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. प्लेगच्या घरातला आजारी उंदीर काचेच्या बरणीत, सोबतीला हॉटेलातल्या मांजराच्या अंगावरच्या पिसवा. उंदीर मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, ठणठणीत उंदीर आत सोडला. मधली जाळी अशी की उंदरांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये. काही दिवसांनी तोही प्लेगने मेला. सिमाँला पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आजीने घेतलं असतं.

आणि हेच त्याआधी साडेपाचशे वर्षं झालं होतं. काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियात, इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांचं कफा हे बंदर. १३४६मध्ये जानी बेगच्या मंगोल फौजेने त्याला वेढा घातला होता. फौजेत प्लेग शिरला आणि मंगोलांनी प्रेतं गोफणयंत्रांनी तटावरून आत फेकली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. लिहून ठेवणारा गृहस्थ इटलीतल्या पिआचेंझाचा, वेढ्यापासून खूप लांब. आता काही अभ्यासक वेगळंच सांगतात. वेढा आणि भांडणाच्या काळात तिथला धान्याचा व्यापार बंद पडला होता. १३४७मध्ये तह झाला, बंदी उठली, इटलीत टंचाई होती, म्हणून गव्हाची जहाजं घाईघाईने निघाली. ऑक्टोबरात प्लेग सिसिलीत मेसिनाला उतरला. मला हे जास्त पटतं. फेकलेली प्रेतं ऐकायला रंगतदार आहेत. पण भुसाराच्या दुकानात वाढलेल्या माणसाला विचाराल तर तो पोत्यांकडेच बोट दाखवेल.

तरी गंमत बघा, २०१८ साली ऑस्लोच्या संशोधकांनी गणितं मांडून म्हटलं की युरोपात तो रोग एवढ्या झपाट्याने पसरला त्याला उंदरांपेक्षा माणसांच्याच अंगावरच्या पिसवा आणि उवा जास्त जबाबदार असाव्यात. म्हणजे उंदराला संशयाचा फायदा. अण्णा असते तर त्यांनी पेढे वाटले असते.

रगुसाच्या, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकच्या, नगरसभेने १३७७ला एक साधा उपाय काढला. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर बाहेर, एका उजाड बेटावर राहायचं, मग आत यायचं. व्यापार बंद नाही, फक्त जरा थांबायचं. व्यापाऱ्यांचं गाव ते.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४८च्या उन्हाळ्यात दमास्कसला होता. शहरात रोज माणसं मरत होती. तीन दिवस उपास झाला आणि मग सगळे पायी, अनवाणी, गावाबाहेरच्या मशिदीकडे निघाले. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, बायका, मुलं, सरदार, भिकारी. सगळे रडत होते असं त्याने लिहिलंय.

युरोपात बऱ्याच ठिकाणी वेगळं घडलं. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. स्ट्रासबुर्गला १४ फेब्रुवारी १३४९ला शेकडो ज्यूंना जाळलं. लोकांकडे त्यांची जी येणी होती ती माफ झाली, गहाण वस्तू आणि खतं ज्याची त्याला परत मिळाली, सापडली तेवढी रोकड कारागिरांत वाटून टाकली. वह्या साफ झाल्या. प्लेग तोवर स्ट्रासबुर्गला पोचलाही नव्हता. तो उन्हाळ्यात आला.