हळद काढणीचा रविवार

सासूबाईंच्या आजारपणातली धावपळ संपली तरी माझ्या मनाची धावपळ थांबत नव्हती. त्या घरात हिंडूफिरू लागल्या होत्या, पण मला रात्री-अपरात्री जाग येई आणि औषधांच्या वेळा डोक्यात घोळत राहत. त्याच सुमारास, संक्रांत होऊन गेल्यावर, सांगलीतल्या आमच्या घरामागील वाफ्यात हळदीची पाने वाळून लोळू लागली. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते, म्हणून एक रविवार तिच्यासाठी राखून ठेवला.

सकाळी विळ्याने पाला जमिनीलगत कापून घेतला. आमच्याकडची काळी माती ओली असताना खुरप्याला चिकटते आणि पूर्ण वाळली की कुदळीलाही दाद देत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी हलके पाणी दिले होते. गड्ड्यापासून वीतभर अंतर सोडून कुदळ घालायची आणि मग हातांनी ढेकळे फोडत आत जायचे. येथे घाई चालत नाही, कारण जरा जोर लावला की हळकुंड मोडते. जेठा गड्डा मधोमध, त्याच्या अंगाला बोटांएवढी हळकुंडे आणि भोवती मुळ्यांचे जाळे अख्खे वर आले, तेव्हा मातीचा आणि ओल्या हळदीचा मिसळलेला तिखटसर वास दरवळला. बऱ्याच वेळाने लक्षात आले, की पुढच्या ढेकळाखेरीज मनात काहीच उरलेले नव्हते.

सासूबाई उन्हात खुर्ची टाकून मुळ्या खुडत बसल्या. त्यांचे माहेर हरिपूरचे, त्यामुळे हळद साठवायच्या जमिनीतील पेवांचा विषय निघालाच. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली, याची हळहळ त्यांना अजून आहे. मध्येच त्या म्हणाल्या, "सूनबाई, माती नीट झाड, नाहीतर शिजवताना पाणी गढूळ होतं." त्यांचा तो ठसठशीत आवाज पुन्हा कानी पडत होता, याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आणि त्या दिवसांत डबा पोहोचवणाऱ्या शेजारच्या काकूंचे मी मनोमन आभार मानले. हळदीचे बेणेही काकूंनीच दिलेले होते.

दुपारी हळकुंडे शिजवली, काडी सहज रुतू लागल्यावर उतरवून गच्चीवर पसरली. जेठे गड्डे बेण्यासाठी सावलीत कडुनिंबाच्या पाल्याखाली ठेवले. थोडी ओली हळद लोणच्यासाठी काढून ठेवली होती. संध्याकाळी ती घेऊन सासूबाई स्वतः काकूंकडे गेल्या.