तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसल रॉकला आहे तरी काय?

दर वर्षी पाऊस ओसरला की मी बेळगावहून कर्नाटक-गोवा सीमेजवळच्या कॅसल रॉक स्टेशनला जाते आणि संध्याकाळपर्यंत परत येते. हे कळलं की समोरचा विचारतोच, "तिथवर जाता आणि दूधसागरचा धबधबा न बघताच परत फिरता? मग कॅसल रॉकला आहे तरी काय?" दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

माझे आप्पा रेल्वेत गार्ड होते. लहानपणी आम्ही चार वर्षं कॅसल रॉकच्या क्वार्टरमध्ये काढली. लोंढ्याहून तिनईघाट मागे टाकून गाडी इथवर येते, आणि इथून पुढे सह्याद्री सरळ गोव्यात उतरतो. कॅसल रॉक ते कुळे, सव्वीस किलोमीटरचा घाट. उतार 37 फुटांना एक फूट, आणि रेल्वेच्या हिशोबात हा उतार फार झाला. म्हणून खाली जाणारी प्रत्येक गाडी इथे थांबते, तिचे ब्रेक तपासतात, आणि मगच तिला सोडतात. वर येणाऱ्या गाडीला कुळ्याला मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात. ती ढकलत ढकलत गाडी वर आणतात आणि इथे सुटतात. ह्या थांबण्यावरच हे गाव वसलं.

आप्पांच्या वेळी अरुंद रुळांची मीटरगेज होती. उतरताना गार्डच्या डब्यातला हँडब्रेक त्यांना स्वतः फिरवावा लागे. त्यांच्या तळहाताला, अंगठ्याच्या बुडाशी, एक कायमचा घट्टा होता. मी पाढे म्हणताना त्यांचा हात धरून बसायचे आणि त्या घट्ट्यावरून बोट फिरवायचे. ड्यूटीला निघाले की दाराशी त्यांची काळी पत्र्याची लाइन बॉक्स ठेवलेली असे. आत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके, आणि त्या सगळ्यावर आईने बांधून दिलेला भाकरीचा डबा. त्या पेटीला रॉकेलचा आणि लसणाच्या चटणीचा मिळून एक वास होता. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी पेटीच्या जागी चाकांची बॅग आली आहे. बरंच झालं, ती पेटी उचलून हमालांच्या पाठी मोडत.

आता गाव ओस का पडलं ते. एका फटक्यात नाही पडलं. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यात ही रेल्वे ठरली, दोन्हीकडची जकात एक झाली, आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवून वर्षाला चार लाख रुपये भरपाई कबूल केली. गोव्यातल्या मिठागरांचं त्यात फार नुकसान झालं. 1888च्या सुमारास मुरगावपासून रूळ इथवर पोचले. तह 1892 साली संपला, जकातीची सीमा परत आली, आणि कॅसल रॉक सरहद्दीवरचं स्टेशन झालं. ट्रंका उघडून बघायच्या, शिक्के मारायचे, माणसं तासन्‌तास थांबायची. थांबलेल्या माणसाला चहा लागतो, जेवण लागतं, झोपायला जागा लागते. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवसांना नुसतं "जकातीच्या वेळी" म्हणत.

1955 साली गोव्याच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर भारताने सीमा बंद केली आणि गाड्या थांबल्या. 1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. एवढा आनंद, आणि त्याच आनंदात कॅसल रॉकची जकात कायमची गेली. पुढे कोळशाची इंजिनं गेली, त्यांच्याबरोबर पाणी भरणारे, कोळसा ओढणारे, राख काढणारे खलाशी गेले. 1990च्या दशकात रुंद रुळांची ब्रॉडगेज आली. 1998ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि मिरजेला गाडी बदलून इथून गोव्याला जाणारा मुंबईकर थेट कोकणातून जाऊ लागला. कोणी वाईट काही केलं नाही. दर सुधारणेला चार-चार क्वार्टरांना कुलूप लागलं, इतकंच.

गाड्या अजून येतात. मुरगाव पोर्टावरून वर चढणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या, गोवा एक्स्प्रेस. दुसरी लाइन टाकायचं चाललं होतं, पण अभयारण्यातून जाते म्हणून 2022 साली सुप्रीम कोर्टाने तिला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दुसरी लाइन आली असती तर गावात माणसं आली असती, हे मला कळतं. तरीही मला निकाल ऐकून बरं वाटलं. त्या रानात रात्री बँकरचा आवाज थांबला की जी शांतता पसरते, ती मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

आणि दूधसागर. रुळांवरून चालत जाणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगते, जाऊ नका. बोगद्यात गाडी शिरली तर अंग चोरायला जागा नसते. आप्पा एका रात्री घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. का, ते आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

मी काय करते विचाराल, तर फलाटावर बसते. गाडी थांबते, ब्रेकची हवा सुस्कारल्यासारखी सुटते, डब्यांतली माणसं खिडकीतून धुकं बघतात, कोणी उतरत नाही. गाडी निघाली की मी आमच्या क्वार्टरकडे जाते. कौलं खाली आली आहेत, दाराच्या चौकटीतून उंबर वाढलाय. अंगणातलं आईचं तुळशीवृंदावन मात्र उभं आहे, त्यात नेचे माजलेत. गेल्या खेपेला ते उपटले, घरून नेलेली मंजिरी चुरून मातीत टाकली, वर ओंजळभर पाणी घातलं.

ती उगवली का, हे बघायला यंदा जायचंय.