तुम्ही विचारलंत म्हणून: स्वयंसेवक सांभाळायचे म्हणजे काय करायचं?

"म्हणजे तू नक्की करायचीस काय? फोनच ना?" त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. शहरातल्या जुन्या वस्तीत, ज्यांना दुरुस्ती परवडत नाही त्यांची घरं नीट करून देणाऱ्या एका संस्थेत मी उन्हाळाभर स्वयंसेवकांचं कोऑर्डिनेशन केलं. फोन होतेच. आदल्या संध्याकाळी एकेकाला विचारायचं, उद्या येताय ना, सगळे "हो हो नक्की" म्हणणार आणि सकाळी त्यातले बरेच गायब, म्हणून वीस हवे असले की मी तीस जणांना होकार द्यायला शिकले.

मग एका शनिवारी तीसच्या तीस आले! स्क्रेपर सहा, शिड्या दोन, आणि माणसं दारात उभी. तेव्हा कळलं की माणसं कमी पडली तर काम लांबतं एवढंच, पण जास्त झाली आणि हाताला काम नसलं की माणूस अर्धा तास मोबाईल चाळतो आणि परत कधी येत नाही. त्यामुळे रोज रात्री बसून कामाचे तुकडे पाडायचे: स्विचबोर्डांना मास्किंग टेप, जुन्या फळ्यांचे खिळे उपटणं, राडारोडा पोत्यात भरणं. ही कामं कुणालाच नको असतात. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर 1984 पासून गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेसाठी राबायचे, त्यांचे हातोडा घेतलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून येणाऱ्याला हातोडाच हवा. झाडू मागणारा माणूस मला तरी भेटला नाही.

आणि रोज सकाळी तीच रेकॉर्ड लावायची. शिडी भिंतीला जिथे टेकते ती उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट लांब, बारा असेल तर तीन. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट, आधी पाणी मारा मग खरवडा. पाणी मारायचा कंटाळा सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्यांना "आम्हाला सगळं येतं" त्यांना.

पण मला आठवते ती एक खिडकी. ऑफिसातून ग्रुपने आलेल्या पोरांनी एका आजींची खोली एका दिवसात रंगवली, काम खरंच सुंदर, फोटोबिटो झाले, आजींनी हात जोडले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन, अगदी संकोचून, "बाळा, खिडकी उघडत नाहीये गं." रंग चौकटीच्या फटीत शिरून वाळला होता. ऐन उन्हाळ्यात तीन रात्री त्या बंद खोलीत झोपल्या, आणि इतकी मुलं राबली तर तक्रार कशी करायची म्हणून गप्प बसल्या. मी कटर घेऊन गेले, फटीतून चारही बाजूंनी हळूच फिरवला, कडेला लाकडी ठोकळा धरून ठोकलं तेव्हा कुठे ती सुटली. काठावरचा रंग थोडा उडाला, आजी म्हणाल्या राहू दे.

त्या दिवसापासून यादीत एक काम वाढवलं: संध्याकाळी निघण्याआधी एकाने सगळ्या खिडक्या उघडून बघायच्या आणि तिसऱ्या दिवशी मी त्या घरी फोन करायचा. तर हो, फोनच.