आळंदी ते सासवड: वारीच्या सुरुवातीला पाय कसे राखायचे

माऊलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं. त्या दिवशी चाल अशी नसतेच, मुक्काम आळंदीतच. खरी सुरुवात नवमीला. आळंदी ते पुणे सुमारे २९ किमी, सगळी सपाट डांबरी सडक आणि अंगात नवा हुरूप. नवख्यांचे पाय बिघडतात ते इथेच, घाटात नव्हे.

दिंडी एका चालीने जात नाही. पुढे खोळंबा झाला की सगळे थांबतात, मोकळं झालं की शेपटाकडचे पळत अंतर भरून काढतात. अशा धावपळीत टाच चपलेत घासते आणि संध्याकाळी फोड दिसतो. म्हणून शेपटाला राहू नये. अभंग म्हणताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. चप्पल-बूट महिनाभर वापरलेले हवेत, नखं आठवडाभर आधी कापलेली. पाठीवर पाणी, प्लास्टिकचा कागद, कोरडे मोजे एवढंच. बाकी ओझं दिंडीच्या ट्रकमध्ये. टाच चुरचुरू लागली की पुढच्या विसाव्यालाच चिकटपट्टी लावावी, मुक्कामाची वाट पाहू नये.

पुण्यात दोन रात्री मुक्काम. दशमीचा दिवस विश्रांतीचा, पण निम्मे लोक तो तुळशीबागेत फिरण्यात घालवतात. पाय उंचावर ठेवून पडून राहा, कारण दुसऱ्या दिवशी सासवड.

हा टप्पा सुमारे ३२ किमी, वाटेत दिवेघाट, त्यात एकादशी. उपवासाला नुसता चहा आणि केळी घेतली तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, आणि चढावर पोटऱ्यांत गोळे येतात. सकाळी साबुदाण्याची खिचडी, खिशात शेंगदाणे-गूळ, बाटलीत सैंधव घातलेलं लिंबू सरबत ठेवा. मधुमेहींनी गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. वडकीच्या विसाव्याला बूट-मोजे काढून पाय सुकवा, पोटभर फराळ मात्र टाळा. घाटात रथालाही जादा बैलजोड्या लावतात. माणसाने पावलं आखूड टाकावीत, फोटोसाठी कठड्यावर चढू नये.

माथ्यावर पोचलं की संपलं असं वाटतं. झेंडेवाडीच्या विसाव्यानंतरही सासवडला दोनेक तास लागतात, आणि पुष्कळजण तिथेच ढेपाळतात. पाणी थोडं राखून ठेवा.

सासवडला फोड लाल होऊन ठणकत असेल तर सुई टोचत बसू नका, वैद्यकीय पथकाला दाखवा. पुढचा जेजुरीचा टप्पा साधारण १६ किमीचाच आहे. तेवढा ट्रकमधून केला तरी चालेल.