मोगऱ्याच्या चहाचं आईस्क्रीम: माझा अनुभव

उन्हाळा लागला की आईच्या माठात वाळा आणि मोगऱ्याची दोन फुलं पडतातच. तो वास आईस्क्रीममध्ये उतरवायचा, तोही चहातून, हे यंदा मनाने घेतलं. चिनी जास्मिन टीला वास देतो तो आपलाच मोगरा. मग विकतचा डबा कशाला? दादरच्या फूलबाजारातून मात्र फुलं आणली नाहीत. हारांच्या फुलांवर फवारणी असू शकते, ती पोटात नको. गॅलरीतल्या दोन कुंड्यांनी भागवलं.

संध्याकाळी टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र पण मिटलेल्या कळ्या तोडायच्या. बरणीत साध्या ग्रीन टीचा थर, त्यावर कळ्या, पुन्हा चहा. कळ्या रात्री बरणीतच उमलतात आणि कोरडी पत्ती तो वास ओढून घेते. सकाळी फुलं मलूल, कडांना तपकिरी झालेली असतात. ती सगळी वेचून काढायची, नाहीतर ओल राहते. मुंबईची दमट हवा, त्यामुळे पत्ती तासभर पंख्याखाली पसरत होते. असं तीन रात्री, रोज ताज्या कळ्या. तिसऱ्या सकाळी झाकण उघडलं आणि ओट्यापाशी नुसती उभीच राहिले.

आणि मग सवयीने चहा दुधात उकळला! सुगंध वाफेबरोबर गेला, दुधात उरला कडवट तुरटपणा. सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला उकळून गार केलेल्या अर्धा लिटर म्हशीच्या दुधात तीन चमचे पत्ती घालून पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. स्निग्धांश सुगंध धरून ठेवतो, म्हणून साय काढली नव्हती. सकाळी न दाबता गाळलं. दाबलं की तुरटपणा उतरतो. १२० ग्रॅम साखर वेगळ्या कपभर गरम दुधात विरघळवून, गार करून मिसळली, वर २०० मिली क्रीम. मिश्रण जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण गारठ्यात गोडी कमी जाणवते. शिवाय साखर कमी केली तर आईस्क्रीम दगड होतं.

माळ्यावरचं लाकडी पॉट काढलं. बर्फ, खडेमीठ, बर्फ, खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो, तेव्हाच दूध गोठतं. मी आणि लेकाने आळीपाळीने हँडल फिरवलं. अर्ध्या तासाने ते हलेना, म्हणजे झालं.

आईने वाटी चाटूनपुसून संपवली आणि विचारलं, "कळ्या उरल्यात का गं? इतके दिवस माठ नुसताच आहे."