तयारीपेक्षा तारीख महत्त्वाची : कॅलिफोर्नियातील टीके प्रवेशाचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत किंडरगार्टनच्या, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाच्या, आधी एक वर्ष असते. त्याचे पूर्ण नाव ट्रान्झिशनल किंडरगार्टन असले तरी बोलताना सगळे त्याला टीकेच म्हणतात. 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून, 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला या वर्गात विनामूल्य प्रवेश घेता येतो, आणि आमची मुलगी नेमकी त्या वर्षीच्या तुकडीत बसली. पुण्याहून सँटा क्लारा काउंटीत येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. ओळखीच्या मराठी घरांतून पहिला प्रश्न आला तो, तिला अक्षरे येतात का, आकडे कुठपर्यंत येतात, असा. प्रवेशाच्या संपूर्ण प्रक्रियेत हा प्रश्न शाळेने मात्र एकदाही विचारला नाही. मुलीला कोणी भेटायलाही बोलावले नाही. पाहिली गेली ती तिची जन्मतारीख, आमचा राहता पत्ता आणि लसींची नोंद.

यामागचे कारण या वर्गाच्या इतिहासात आहे. पूर्वी येथे 2 डिसेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणारी मुले किंडरगार्टनमध्ये जात, म्हणजे वर्ग सुरू होताना काही मुले जेमतेम पावणेपाच वर्षांची असत. 2010 च्या कायद्याने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने 1 सप्टेंबरवर आणली आणि त्यामुळे मागे राहणाऱ्या, सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्या मुलांसाठी टीके सुरू केले. 2021 मध्ये तो सर्व चार वर्षांच्या मुलांपर्यंत नेण्याचे ठरले, आणि 2022-23 पासून दरवर्षी जन्मतारखेची कक्षा काही महिन्यांनी वाढवत 2025-26 मध्ये तो टप्पा पूर्ण झाला. कायद्याच्या भाषेत हे दोन वर्षांच्या किंडरगार्टनचे पहिले वर्ष आहे. ते सक्तीचे नाही. येथे किंडरगार्टनही सक्तीचे नाही, शाळेची सक्ती सहाव्या वर्षापासून सुरू होते.

लहान मुलांसाठी सरकारी पैशावर चालणारे दुसरे मार्गही आहेत. 1965 पासून चालू असलेला संघराज्याचा हेड स्टार्ट आणि राज्याचे स्वतःचे स्टेट प्रीस्कूल हे दोन्ही तीन वर्षांच्या मुलांनाही घेतात, परंतु दोन्हींत मुख्यतः कुटुंबाचे उत्पन्न पाहिले जाते आणि आम्ही त्या मर्यादेत बसत नव्हतो. टीकेला उत्पन्नाची अट नाही. स्थलांतरित कुटुंबांना वाटणारी आणखी एक धास्तीही येथे अनाठायी आहे : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालानंतर सरकारी शाळा इमिग्रेशनच्या कागदपत्रांअभावी मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. त्यामुळे व्हिसाची प्रत आम्ही स्वतःहून कोठेही जोडली नाही, आणि ती कोणी मागितलीही नाही.

नोंदणी हिवाळ्यात, ऑगस्टमधील शाळेच्या कित्येक महिने आधी सुरू होते. घराचा भाडेकरार आणि वीजबिल एवढ्यावर पत्त्याचा प्रश्न मिटला. खरी अडचण आली ती जन्मतारखेची. मुलीचा जन्म 12 जुलै 2021 चा आहे, आणि भारतीय पासपोर्टवर तो 12/07/2021 असा छापलेला असतो. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. त्यामुळे नोंदणी कार्यालयाने ती तारीख 7 डिसेंबर अशी वाचली आणि मुलगी या वर्षी पात्र नाही असे आम्हाला पत्राने कळवले. ज्या कार्यक्रमात सगळे काही तारखेवर अवलंबून आहे, तेथे ही गोष्ट किरकोळ नव्हती, कारण त्या वाचनानुसार तिचे पूर्ण वर्ष मागे गेले असते. सुदैवाने महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहिलेली होती. त्या ओळीवर खूण करून दाखला पुन्हा पाठवला आणि तारीख दुरुस्त झाली. भारतात जन्मलेल्या मुलाचा दिवस बारा किंवा त्याहून कमी असेल, तर जन्मदाखला पहिल्याच दिवशी द्यावा आणि अर्जात महिना शक्य तेथे अक्षरांत लिहावा, असे मी आता सर्वांना आवर्जून सांगते.

त्याहून अधिक वेळ गेला तो लसींमध्ये. 2015 च्या कायद्याने येथे वैयक्तिक मतांच्या आधारे लस टाळण्याची सवलत काढून टाकली आहे. वैद्यकीय कारण नसेल तर सर्व लसी लागतातच. आमच्याजवळ पुण्यातील जाडजूड लसीकरण पुस्तिका होती, काही लसी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे आणि काही महापालिकेच्या दवाखान्यात घेतलेल्या, आणि एकही लस चुकलेली नव्हती. तरीही येथील डॉक्टरांनी ती वाचताना बऱ्याच नोंदींवर काट मारली. पोलिओचे तोंडी थेंब एकही धरले गेले नाहीत, कारण एप्रिल 2016 पासून जगभर दिले जाणारे थेंब पोलिओच्या तीनपैकी दोनच प्रकारांवर काम करतात आणि येथे तिन्ही प्रकारांवरील संरक्षण लागते. खासगी दवाखान्यातील इंजेक्शने तेवढी धरली. नवव्या महिन्यात दिलेली गोवर-रुबेलाची लस दोन कारणांनी बाद झाली : ती पहिल्या वाढदिवसाच्या आधीची होती आणि तिच्यात गालगुंडाचा अंश नव्हता. येथे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे दोन डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे लागतात. कांजिण्यांचेही दोन डोस लागतात. आमच्याकडे एकच होता. क्षयरोगावरील बीसीजी लसीची येथे मागणीच नाही.

वाचून मन थोडे खट्टू झाले हे खरे, पण डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की यात पुण्यातील कोणाचे काही चुकलेले नाही. दोन देशांत रोगांचा प्रादुर्भाव वेगळा, म्हणून वेळापत्रके वेगळी. भारतात गोवर लहान वयात होण्याचा धोका अधिक, म्हणून तेथे लस नवव्या महिन्यातच देतात. मला हे स्पष्टीकरण पटले, आणि पुस्तिका जपून ठेवल्याचा फायदाही दिसला, कारण जे डोस धरले गेले ते केवळ तारखेसह लेखी नोंद होती म्हणूनच. येथेही तारखांचा घोळ टाळण्यासाठी आम्ही प्रत्येक डोसचा महिना अक्षरांत लिहून एक स्वतंत्र तक्ता डॉक्टरांना दिला होता. उरलेले डोस वसंत ऋतूत झाले. पोलिओ आणि त्रिगुणी लसीचा शेवटचा डोस मात्र जुलैतील चौथ्या वाढदिवसापर्यंत थांबवून मग घेतला, कारण त्या दिवसानंतरचा एक डोस असला की दोन्ही लसींचा हिशेब सोपा होतो. ज्या मुलांचा पुढचा डोस अजून देय झालेला नसतो, त्यांना शाळा सशर्त प्रवेश देते आणि मुदतीत डोस पूर्ण करायला सांगते. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

सँटा क्लारा काउंटीत क्षयरोगाच्या धोक्याची पाहणीही डॉक्टरांकडून भरून आणावी लागते. भारतात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ती बहुधा तपासणीपर्यंत जाते. येथे एकच सांगावेसे वाटते : बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरील चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी करावी. आमच्या डॉक्टरांनी तीच सुचवली.

घरच्या भाषेचा अर्ज हा मराठी कुटुंबांत सर्वाधिक चर्चेचा विषय असतो. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकले, घरात ते कोणती भाषा अधिक बोलते, पालक त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, अशा स्वरूपाचे चार प्रश्न असतात. त्यांची उत्तरे इंग्रजी अशी द्या, नाहीतर मुलाची इंग्रजीची परीक्षा घेऊन त्याच्यावर शिक्का बसतो, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मला तो मान्य नाही. आम्ही सर्वत्र मराठी लिहिले, कारण ते खरे आहे, आणि इंग्रजीसाठी मिळणारी जादा मदत ही शिक्षा नव्हे. शिवाय 2024 च्या कायद्याने टीकेतील मुलांना त्या परीक्षेतून वगळले आहे. ती परीक्षा किंडरगार्टनमध्ये येईल तेव्हा येईल.

जागा मिळाली ती घराजवळच्या शाळेत नाही, तर थोड्या लांबच्या शाळेत. स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, टीके देणे बंधनकारक आहे, प्रत्येक शाळेत देणे बंधनकारक नाही. वर्ग दुपारपर्यंतच असतो, आणि नोकरी करणाऱ्या पालकांची खरी कसोटी तेथे लागते. शाळेनंतरच्या कार्यक्रमासाठी राज्य पैसे देते, तथापि गरजू मुलांचे प्रमाण कमी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये तो सर्वांसाठी मोफत नसतो. आम्हाला शुल्क भरूनही प्रतीक्षायादीत थांबावे लागले. केवळ या वेळांमुळे कित्येक कुटुंबे महागडे खासगी प्रीस्कूल सोडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. जमेची बाजू म्हणजे 2022-23 पासून राज्यातील सर्व सरकारी शाळांत नाश्ता आणि जेवण विनामूल्य आहे.

मुलीच्या वर्गात बाईंच्या जोडीला एक मदतनीस असतात. दर दहा मुलांमागे एक प्रौढ असावा, वर्गाचा सरासरी पट 24 च्या वर जाऊ नये, आणि शिक्षकाकडे बालशिक्षणातील 24 युनिट (महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचे श्रेयांक) किंवा तत्सम पात्रता असावी, हे नियम आहेत. पहिले काही आठवडे बाईंचे लक्ष अक्षरांकडे फारसे नव्हतेच. रांगेत थांबणे, डबा स्वतः उघडणे, काही हवे असेल तर शब्दांत मागणे, याकडे होते. शौचाची सवय पूर्ण न लागलेल्या मुलालाही शाळा परत पाठवू शकत नाही, हे ऐकून आमच्या सासूबाई चकित झाल्या. किंडरगार्टनची तयारी म्हणजे काय, याचे उत्तर मला अर्जांत कोठेही मिळाले नव्हते. ते या वर्गात पाहायला मिळाले, आणि ती तयारी करून घेण्याचे काम शाळेने आपल्याकडे घेतले आहे हेही तेथेच समजले. घरी पाटी-पेन्सिल घेऊन बसवण्याचा बेत आम्ही त्यानंतर सोडून दिला.

दातांच्या तपासणीचा कागद 31 मेपर्यंत द्यायचा असतो. तो बहुतेक पालक विसरतात आणि शाळा आठवण करते. किंडरगार्टनसाठी नव्याने पुरावे गोळा करण्याची गरज सहसा पडत नाही, शाळा बदलली तर पत्ता पुन्हा तपासतात. पहिलीसाठी मात्र पूर्ण वैद्यकीय तपासणी लागते, आणि ती प्रवेशापूर्वीच्या 18 महिन्यांतील किंवा शाळा सुरू झाल्यापासून 90 दिवसांच्या आतील असावी लागते. त्यामुळे टीकेच्या वेळी केलेली तपासणी तेथे चालणार नाही, आणि आम्ही ती किंडरगार्टनच्या वर्षातच करून घेणार आहोत.