चिठ्ठीतून निघालेलं वचन

ड्रेस्डेनमध्ये चर्चला जाणारे लोक थोडेच. हा जुन्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचा भाग, त्यामुळे आमच्या इमारतीतल्या बहुतेकांचा देवाधर्माशी संबंधच उरलेला नाही. पण जे विश्वासात आहेत, त्यांच्या न्याहारीच्या टेबलावर ब्रेडच्या टोपलीशेजारी खिशात मावेल एवढी एक पुस्तिका हमखास दिसते. तिला ‘लोझुंगेन’ म्हणतात. प्रत्येक तारखेखाली बायबलच्या जुन्या करारातलं एक वचन, त्याच्या जोडीला नव्या करारातलं एक आणि खाली गीताचं कडवं किंवा छोटीशी प्रार्थना.

यातलं जुन्या करारातलं वचन कोणी निवडत नाही, चिठ्ठी टाकून काढतात! ड्रेस्डेनहून ट्रेनने ल्योबाऊ आणि पुढे बसने गेलं की हेर्नहूट नावाचं छोटं गाव लागतं. छळामुळे मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागातून, पळून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी १७२२ मध्ये काउंट झिंझेनडोर्फ या सरदारांच्या जमिनीवर ते वसवलं. ३ मे १७२८ ला काउंटनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. पुढे रोज घरोघरी जाऊन वचन सांगायची रीत पडली, आणि १७३१ पासून ते छापूनच यायला लागलं. आजही तिथे सुमारे १,८०० वचनांतून चिठ्ठ्या निघतात, तीन वर्षं आधी, कारण पुस्तिका ५० हून अधिक भाषांत जाते.

आपल्याकडच्या पाळकांना हे ऐकून रस्त्यावरचा पोपटवाला आठवेल. त्यांचं फार चुकतही नाही. इथेही काही जण वचनाकडे राशिभविष्यासारखंच बघतात. म्हणून आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात दंडक आहे, वचन वाचलं की अख्खा अध्याय उघडायचा. मी तो मराठी पवित्र शास्त्रात वाचते, जर्मनमध्ये अजून मन लागत नाही. पण चिठ्ठीचा एक फायदा मला पटलाय. आपल्या सोयीचं तेवढंच वाचता येत नाही. नगरला कुटुंबप्रार्थनेत हात आपोआप दिलासा देणाऱ्या २३ व्या स्तोत्राकडे जायचा. इथे एखाद्या सकाळी आमोस संदेष्टा समोर उभा राहतो आणि गरिबांना तुडवणाऱ्यांचा हिशेब मागतो.

डीट्रिख बोनहोफर हे हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळकही लोझुंगेन वाचत. १९३९ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते, तरी जुलैमध्ये हिटलरच्या जर्मनीत परतले. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं. पुस्तिकेने त्यांना परत पाठवलं असं मी म्हणणार नाही. मनात घालमेल आधीपासूनच होती, आणि त्या घालमेलीत रोजचं वाचन चालू होतं, एवढंच.

आमचं आपलं साधं. एकदा जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातलं वचन आलं, तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करा. हे शहर २०१४ मध्ये सुरू झालेल्या, परदेशी लोकांविरोधातल्या सोमवारच्या मोर्चांसाठी बदनाम. मला वाटलं, बरं झालं, आता ऐका म्हणावं या जर्मनांना. गटातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तर इथे रुळलात. तुमच्यानंतर कोण आलं?”

तळमजल्यावर युक्रेनहून आलेली एक बाई राहते, दोन लहान मुलांना घेऊन. जिन्यात भेटली की नमस्कारापुरती ओळख. त्या आठवड्यात मी तिचं दार वाजवलं. तिच्याकडे बुटांच्या खोक्यात सरकारी पत्रं साठली होती, काही तर न फोडलेली. आता शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तिचे फॉर्म भरणं चालतं. इथली सरकारी जर्मन मलाही धड कळत नाही. मोबाइलवर फोटो काढायचा, भाषांतर बघायचं, मग तिने तिच्या भाषेत आणि मी मराठीत कपाळाला हात लावायचा. मुलं तोवर पोह्यांतले शेंगदाणे वेचून खातात. पाळणाघराचा अर्ज गेलाय, भाडेमदतीचा परत आलाय. एका पानावर सही राहिली होती म्हणे.